गाडीतलं जेवण

मास्तरांचा आजार गेला, हे मास्तरांच्या आधी बाकी सगळ्यांना कळलं. शेवटचा रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर म्हणाले, "आता काही दिसत नाही," आणि मावशींनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच मुलीला फोन लावला. मुलीने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने त्याच्या आईला. संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला. "सुटलात एकदाचे," असं जो तो म्हणत होता. मास्तर नुसतं "हं" म्हणायचे. बोलणं त्यांना परवडत नव्हतं. दोन वाक्यं झाली की जीभ टाळूला चिकटायची आणि पाण्याची बाटली शोधावी लागायची.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या लहानशा गाडीत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना ब्रेक होते आणि मास्तर आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर बडबड करत. क्लच सोडताना घाबरणाऱ्या बायकांना, उगाच शायनिंग मारणाऱ्या पोरांना, पन्नाशीत शिकायला आलेल्या कारकुनांना त्यांनी हसवत हसवत रस्त्यावर आणलं होतं. त्यांची बायको एका पाळणाघरात कामाला होती. तिथली पोरं तिला मावशी म्हणत, म्हणून पोरांचे आईबाप म्हणत, आणि हळूहळू शेजारपाजारच्यांनाही तिचं दुसरं काही नाव असेल हे आठवेनासं झालं.

गाठ जिभेच्या मुळाशी होती. रेडिएशनचे ते आठवडे कसे गेले हे मास्तर कुणाला सांगत नसत. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून तो टेबलाला असा अडकवायचे की डोळ्याची पापणीसुद्धा नीट हलायची नाही. पुढेपुढे गळा आतून-बाहेरून सोलवटला, नाकातून नळी आली, आवाज गेला. पण ते सगळं चालू असताना निदान सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस आजारी आहे. खरी पंचाईत नंतर झाली. आजार गेला, पण एखादा भाडेकरू जाताना पंखेबिंखे काढून नेतो तसा जाताना बरंच काही घेऊन गेला. दाढा डॉक्टरांनी रेडिएशनच्या आधीच काढल्या होत्या. थुंकी आटली. चव गेली, चहा लोखंड चाटल्यासारखा आणि भात कागदासारखा लागायचा. तोंडाला पाणी सुटणं हा नुसता बोलण्यातला अलंकार आहे असं मास्तरांना इतकी वर्षं वाटत होतं. ती एक सोय असते, हे आता कळलं.

मानेचं तर वेगळंच. त्वचेखाली कुणीतरी लाकडाची फळी सरकवल्यासारखी ती कडक झाली होती. बाजूला बघायचं तर कमरेपासून वळावं लागायचं. "माझे वडील म्हणायचे, मान ताठ ठेवून जग," मास्तर एकदा मावशींना म्हणाले. "आता दुसरा इलाजच नाही." मावशी हसल्या. मग आत जाऊन त्यांनी उगाचच भांडी पुन्हा घासली.

घरात सगळ्यात अवघड वेळ जेवणाची. मावशी भात शिजवून शिजवून अगदी पीठ करायच्या, त्यात दूध घालायच्या, बटाटा उकडून सुपात विरघळवायच्या. ताटली पुढे ठेवून त्या समोर बसायच्या. मास्तर एक चमचा तोंडात घ्यायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, हनुवटी छातीकडे दाबून गिळायचे, कारण दवाखान्यातल्या बाईंनी तसं शिकवलं होतं. मावशी बघत राहायच्या. त्यांची नजर आधी चमच्यावर, मग ओठांवर, मग गळ्यावर. पाळणाघरात वर्षानुवर्षं पोरांना भरवून त्यांना एक सवय लागली होती: समोरच्याने तोंड उघडलं की त्यांचंही तोंड आपोआप थोडं उघडायचं.

"गेला?" त्या विचारायच्या.

"हं."

"अजून एक घ्या. एवढासा."

अर्ध्या ताटलीतच मास्तरांचा जीव मेटाकुटीला यायचा. "पोट भरलं," म्हणून ते उठायचे. वजन उतरत होतं ते उतरतच होतं, आणि पट्ट्याला मोचीकडून नवी भोकं पाडून घ्यावी लागली होती.

एकदा मावशींच्या धाकट्या बहिणीने जेवायला बोलावलं. मास्तर बरे झाले म्हणूनच बोलावलं होतं, तेव्हा जाणं भागच होतं. बहिणीने बिचारीने सगळं मऊ करून ठेवलं होतं. टेबलाभोवती हसणं-बोलणं चालू होतं, आणि मास्तरांच्या घशात भाताचं एक शीत कुठेतरी भलतीकडे गेलं. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून सूप. सगळ्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. साडू पाठीवर थापट्या मारत "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मेहुणीची नात घाबरून रडायला लागली, तिला कुणीतरी उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. उबळ ओसरल्यावर मेहुणी हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, हे घ्या," आणि तिने मास्तरांपुढे त्या नातीचीच लहान वाटी आणि लहान चमचा ठेवला. वाटीवर बदक होतं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला दुसरं काय सुचणार? पण त्यानंतर मास्तर कुणाकडे जेवायला गेले नाहीत. मावशी एकट्या जायच्या. "यांना जरा काम निघालं," म्हणायच्या. मग पुढे त्यांनाही कुणी बोलावेनासं झालं.

स्कूलच्या मालकांनी मास्तरांना परत कामावर घेतलं, अर्धा दिवस. गाडीत आतल्या आरशाखाली आणखी एक रुंद आरसा बसवून घेतला, म्हणजे मान वळवायला नको. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने लेन बदलली, आणि मास्तरांना बाजूने येणारा सायकलवाला दिसलाच नाही. आवाज ऐकून त्यांनी ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला, कुणाला काही झालं नाही, पण मास्तरांनी गाडी तशीच स्कूलकडे परत आणली. त्यांनी मालकांना आपण होऊन सांगितलं की मला रस्त्यावरचे विद्यार्थी नकोत, मैदानावरचेच द्या. शहराच्या कडेला एक सपाट मैदान होतं. तिथे ड्रमच्या मधून गाडी मागे घेणं, चढावर थांबवणं, असला सुरुवातीचा सराव चाले. मास्तर आता "हळू," "पुरे," "परत," एवढंच बोलत. जुने विद्यार्थी कधी भेटले तर म्हणत, "मास्तर फार गंभीर झाले." मास्तरांना थकवा यायचा तो असा की दुपारी स्टिअरिंगवर डोकं टेकवावं आणि कुणी उठवू नये.

दवाखान्यातल्या तपासण्या अजून चालूच होत्या. अशाच एका तपासणीला बाकावर बसले असताना शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांच्या हातातही पाण्याची बाटली, गळ्याभोवती मऊ रुमाल, हनुवटीखाली मास्तरांसारखीच सूज. दोघांनी एकमेकांकडे बघायला एकदमच आख्खं अंग वळवलं, आणि दोघांनाही हसू आलं.

"तुमचा नंबर माझ्या आधी असायचा," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "तुम्ही आतून बाहेर आलात की गालावर जाळीचे छाप असायचे. मला वाटायचं, आता माझ्या गालावर उमटणार."

त्या पडद्यांच्या दुकानात शिलाईचं काम करत. मास्तर त्यांना ताई म्हणू लागले. बोलता बोलता कळलं की त्यांचं दुकान सरावाच्या मैदानाच्या मागच्याच गल्लीत आहे. दोघांनी आपापल्या बाटल्या उघडल्या. बोलून दोघांच्याही घशाला कोरड पडली होती. मग ताईंनी विचारलं, "जेवता कुठे?"

"म्हणजे?"

"दुपारचं. चारचौघांत तर जमत नसेल. मी गोदामात जेवते, पडद्यांच्या गठ्ठ्यांमागे. बाकीच्या बायका बोलावतात, मी म्हणते भूक नाही. एकदा त्यातली एक बघायला आली, तर मी गठ्ठ्यामागे लपले." त्या पाणी प्यायल्या. "ह्या वयात लपाछपी."

मास्तरांनी विचार केला. मग म्हणाले, "माझ्याकडे गाडी आहे. दुपारी रिकामीच असते."

अशी ती सुरुवात झाली. दुपारी सराव थांबला की मास्तर गाडी मैदानाच्या भिंतीकडे सावलीत लावत. ताई डबा आणि बाटली घेऊन येत. मास्तर शिकवायच्या आपल्या नेहमीच्या जागी, ताई शिकाऊ माणसाच्या जागी, दोघांची तोंडं समोरच्या काचेकडे. माना वळतच नव्हत्या, त्यामुळे कुणी कुणाकडे बघायचा प्रश्नच नव्हता. काचेतून रिकामं मैदान आणि ड्रम दिसायचे. एखादं कुत्रं ड्रमला हुंगून जायचं. एक चमचा, एक घोट. कुणाला ठसका लागला तर दुसरा समोरच्या ड्रमकडे बघत थांबायचा. सांडलं तर सांडलं. ताईंकडे नेहमी कापडाचे तुकडे असत, पडद्यांच्या कापडाचे, फुलाफुलांचे आणि पट्ट्यापट्ट्यांचे. त्या न बघताच एक तुकडा पुढे करायच्या.

"आज काय लागतंय?" ताई विचारायच्या.

"काल पुठ्ठा होता. आज ओला पुठ्ठा."

"म्हणजे सुधारणा आहे."

"तुमचं?"

"मला आज साखर लागली. नक्की लागली. मग बघितलं तर मीठ होतं."

एवढ्या साध्या गोष्टींवर दोघांना हसू फुटायचं आणि हसताना तोंडातलं बाहेर यायचं, आणि त्याचंही हसू यायचं. वेळ पुष्कळ लागायचा. पण कुणाला घाई नव्हती आणि "गेला?" असं कुणी विचारत नव्हतं. डबा संपायला लागला.

मावशींना रिकामा डबा बघून पहिल्यांदा विश्वास बसेना. त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, "बाबांचा डबा संपतो आता. मैदानाची हवा मानवली बहुतेक." त्या डब्यात थोडं जास्त घालू लागल्या. रात्री मात्र मास्तर पूर्वीसारखेच चार चमच्यांवर उठायचे. याचं मावशींना कोडं पडायचं, पण त्यांनी ते फार ताणलं नाही. जेवतोय ना माणूस, मग झालं.

पाळणाघरात पोर सोडायला येणारी एक आई मास्तरांकडेच गाडी शिकत होती. एक दिवस पोराचे बूट काढता काढता ती सहज म्हणाली, "मावशी, मास्तर किती छान जेवतात हो त्या बाईंबरोबर. दोघं गाडीत बसून डबा खात असतात आणि हसत असतात. मला इतकं बरं वाटलं बघून."

"हो का," मावशी म्हणाल्या. त्यांनी पोराला कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाळणाघरातून लवकर निघाल्या आणि मैदानावर गेल्या. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. भिंतीच्या टोकाशी एक बंद टपरी होती, तिच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या. तिथून गाडी तिरकी दिसत होती. मास्तर काहीतरी सांगत होते. कितीतरी दिवसांत मावशींनी त्यांना इतकं लांबलचक बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या हनुवटीवरून सूप ओघळत होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. शेजारच्या बाईने समोर बघत बघतच एक फडकं पुढे केलं. मास्तरांनी ते घेतलं, तोंड पुसलं आणि पुढे बोलत राहिले.

मावशी पाळणाघरात परत गेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या पोरांना भरवलं, झोपवलं, उठवलं.

दोन-तीन दिवस त्या नेहमीसारखा डबा भरून देत राहिल्या. मग एका संध्याकाळी धुतलेले कपडे घड्या घालता घालता म्हणाल्या, "डबा आवडतो वाटतं हल्ली."

"हं."

"एकटेच खाता?"

मास्तरांनी बाटली उघडली, पाणी प्यायले. "ताई असतात. पडद्याच्या दुकानातल्या. रेडिएशनला माझ्यानंतर त्यांचा नंबर असायचा."

"माहीत आहे. मी बघून आले."

मास्तर कमरेतून वळले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. "तसलं काही नाही."

"तसलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "निदान भांडता आलं असतं." त्यांनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुम्ही हसत होतात. तोंडातून ओघळत होतं आणि तुम्ही हसत होतात. इथे एक थेंब सांडला तर ताटली सारून उठता. इतकी वर्षं झाली संसाराला, माझीच लाज वाटते होय तुम्हाला?"

मास्तरांनी बाटलीचं झाकण लावलं. मावशींना वाटलं आता नेहमीसारखे उठून आत जातील. पण ते बसून राहिले.

"तू बघतेस," ते म्हणाले.

"मग काय डोळे मिटून वाढू?"

"घास गेला का, बघतेस. माझं तोंड उघडलं की तुझं उघडतं. मी गिळलं की तू गिळतेस." ते थांबले, पाणी प्यायले. "मला माझा घास गिळायचा, वर तुझाही. दोन घास जात नाहीत गं माझ्याच्याने."

मावशींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आणि मी कुठे जेवते, ठाऊक आहे?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं की ते कधी मनातही आलं नव्हतं.

"पाळणाघरात. पोरं ताटात टाकतात ते खाते. तुम्हाला वास सोसत नव्हता तेव्हापासून या घरात मी कांदा परतलेला नाही. टोस्ट खावासा वाटला तर न्हाणीघरात जाऊन दार लावून खाते."

"कशाला?"

"आवाज होतो ना. तुम्हाला कुरकुरीत काही खाता येत नाही. तुमच्या कानावर कशाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "सगळे विचारतात, मास्तर कसे आहेत. रोज विचारतात. मी म्हणते, बरे आहेत. मला कुणी विचारलं ना, तू कशी आहेस, तर काय सांगायचं ते आता मला सुचणारसुद्धा नाही. मी दमले आहे, अहो. तुम्ही बरे झालात म्हणतात, आणि मला दमायची परवानगीही गेली."

"उद्यापासून नाही जात," मास्तर म्हणाले.

"जा. तिथे जेवता तरी."

यावर उपाय असा काही निघाला नाही. मावशी आता ताटली ठेवून दुसऱ्या खोलीत जायच्या. मास्तर एकटे जेवायचे. पूर्वी नजर नको वाटायची, आता ती रिकामी खुर्चीही बघवेना. दोघंही एकमेकांशी जपून वागत होते, जसं काचेचं सामान हलवताना वागतात, आणि त्यानेही दमायला होत होतं.

मग ताई यायच्या बंद झाल्या. पहिले काही दिवस मास्तरांना वाटलं दुकानात काम असेल. ते डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. शेवटी ते मागच्या गल्लीत दुकानावर गेले. तिथल्या बाईने सांगितलं. ताईंची एक दाढ दुखत होती. घराजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांनी ती काढून घेतली. रेडिएशन झालंय हे त्यांनी सांगितलंच नाही. कुठे पुन्हा तीच कहाणी सांगत बसायची, असं त्यांना वाटलं असावं. रेडिएशनने कमकुवत झालेल्या जबड्यात ती जखम भरली नाही. आतलं हाड मरत गेलं होतं. आता मोठं ऑपरेशन करून जबड्याचा तेवढा भाग काढला होता आणि पायाचं हाड घेऊन तिथे बसवलं होतं.

मास्तरांनी घरी येऊन हे मावशींना सांगितलं. सांगताना तीनदा पाणी प्यावं लागलं.

"भेटायला कधी जायचं?" मावशींनी विचारलं.

"बघू."

"बघू काय? रविवारी जाऊ."

"तू कशाला?"

"मी तुमची गाडी चालवत नाही, पण शेजारी बसता येतं मला," मावशी म्हणाल्या.

दवाखान्याच्या त्या खोलीत ताई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा अर्धा पट्ट्यांत, उरलेला सुजलेला, नाकात नळी. बोलता येत नव्हतं. मास्तरांना बघून त्यांनी हात वर केला. त्यांची सून उभी राहून मोठ्या सिरिंजमधून नळीत दूध सोडत होती. चांगली मुलगी होती, पण तिला रविवारीही कामावर जायचं होतं आणि लक्ष सारखं घड्याळाकडे. सिरिंज तिने डोक्याइतकी उंच धरली होती. दूध भराभर उतरत होतं, आणि ताईंनी डोळे घट्ट मिटले होते.

मावशींनी पर्स खुर्चीवर ठेवली. "दे इकडे. तू जा कामावर, उशीर होईल. मी बसते."

सुनेने एकदा सासूकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि सिरिंज देऊन टाकली. मावशींनी ती खाली घेतली, दूध सावकाश उतरेल इतकी खाली. मग त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. ताईंकडे त्यांनी बघितलंच नाही. हाताला दुधाचा वेग कळत होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

"हे पडदे कुणी शिवलेत?" त्या म्हणाल्या. "एक बाजू वर, एक बाजू खाली. आमच्या पाळणाघरातलं पोरगंसुद्धा एवढं तिरकं कापत नाही."

ताईंनी बोटांनी कात्री चालवून दाखवली आणि मग कपाळावर हात मारला. मावशींना तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. त्या बोलत राहिल्या. पोरांबद्दल, न झोपणाऱ्या एकीबद्दल, बूट उलटे घालणाऱ्या दुसऱ्याबद्दल. मग त्याच सुरात म्हणाल्या, "मी आले होते मैदानावर. तुम्हाला बघायला. खरं तर भांडायलाच आले होते. पण तुम्ही फडकं दिलंत ते बघून भांडण राहूनच गेलं."

ताईंचे खांदे हलले. हसल्या असाव्यात. त्यांनी मोकळ्या हाताने मावशींचा गुडघा थोपटला आणि तो हात तिथेच ठेवला.

मास्तर दाराशी उभे होते. त्यांना आत जाववेना. ती नळी, त्या पट्ट्या, तो हलका आंबूस वास. ते बाहेर जाऊन बाकावर बसले. मावशी बऱ्याच वेळाने आल्या.

"माझं असं झालं तर?" मास्तरांनी विचारलं.

मावशी शेजारी बसल्या. नाही होणार, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. "तर मी भरवीन," त्या म्हणाल्या. "पण आत्ताच सांगून ठेवते, मलाही कंटाळा येईल. आत्ताही येतो."

"मलाही येतो," मास्तर म्हणाले.

"मग झालं तर. दोघांनाही येतो."

इतक्या महिन्यांत कुणीतरी हे मोठ्याने बोलायला हवं होतं. त्याने काही बरं झालं असं नाही, पण उठून पार्किंगपर्यंत चालताना मास्तरांना जरा हलकं वाटलं. त्या संध्याकाळी मावशींनी घरात कांदा परतला. आधी विचारलं, "चालेल ना?" मास्तर म्हणाले, "बघू." वास आला तेव्हा त्यांनी खिडकी उघडली, पण उठून गेले नाहीत. मावशी स्वतःचं ताट घेऊन टेबलाशी बसल्या आणि जेवल्या, भूक लागल्यासारख्या जेवल्या. मास्तरांचं सूप अर्धं उरलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मास्तरांची थुंकी थोडीफार परत आली, पूर्वीइतकी कधीच नाही. थायरॉइडची गोळी कायमची लागली. मानेला रोज तेल लावून चोळावं लागतं. मावशी ते करतात, आणि हात दुखत असले की आज नाही म्हणून सांगतात. काही दिवस मास्तर चिडचिडतात, काही दिवस मावशी. मेहुणीकडे ते एकदा गेले, जेवणानंतरच्या चहाला. चहाही गार करूनच प्यायले.

ताई घरी गेल्या, पण शिलाई सुटली. मुलाची बदली झाली तेव्हा त्या त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी गेल्या. जबडा बसला तसा चेहरा एका बाजूला ओढला गेला, आणि बोलणं फारच थोड्या लोकांना समजतं. मास्तरांनी एकदा त्यांना फोन लावला. इकडून घोगरा आवाज, तिकडून न कळणारे शब्द. दोघंही थोड्याच वेळात दमले, आणि मास्तरांनी फोन मावशींच्या हातात दिला.

तेव्हापासून फोन मावशीच करतात, बहुतेक रविवारी. ताईंनी बोलायचं नसतंच. फोनवर एकदा टकटक केलं की हो, दोनदा केलं की नाही. मावशी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बोलत राहतात. गुडघे धरलेत, पाळणाघरातली नवी मॅनेजर बाई फार टोचून बोलते, काल रात्री मास्तरांशी उगीचच वाजलं, मग मलाच रडू आलं, तुम्हाला म्हणून सांगते. मास्तर बाहेरच्या खोलीत उकडलेलं अंडं बारीक करत बसलेले असतात. दार उघडंच असतं, सगळं ऐकू येतं. आपल्याबद्दलच्या तक्रारीही ऐकू येतात. ते अंड्यात थोडं दूध घालतात, ढवळतात, आणि आत बोलणं चालू असेपर्यंत सावकाश खात राहतात.